हाताने जोडलेल्या डिलक्स रिव्हर्बबद्दल: तुमच्या आक्षेपाला उत्तर

नमस्कार,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. तुमचं म्हणणं असं की फेंडर डिलक्स रिव्हर्ब या गिटारच्या ट्यूब (व्हॉल्व्ह) अँपचा '६५ रीइश्यू, म्हणजे जुन्या मॉडेलची नव्याने काढलेली आवृत्ती, सोडून कितीतरी महाग असलेला, हाताने जोडलेला '६४ कस्टम सुचवून मी नव्या मुलांना खर्चात पाडतोय. सर्किट तेच, वायरिंगचा नुसता भपका. आणि एवढे पैसे घालायचेच, तर फेंडरचाच मोठा, ८५ वॉटचा ट्विन का नको?

एक गोष्ट आधी मान्य करतो. ‘हाताने जोडलेल्याचा आवाज अधिक उबदार’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. '६५ मध्ये जेन्सनचा सी-१२के स्पीकर आहे, '६४ मध्ये सी-१२क्यू. मला ऐकू आलेल्या फरकात स्पीकरचा वाटा किती आणि वायरिंगचा किती, हे मी तपासलंच नव्हतं. ते वाक्य आज लेखातून काढलं.

पण ‘सर्किट तेच’ हे काही पटत नाही. या अँपला नॉर्मल आणि व्हायब्रॅटो असे दोन चॅनेल असतात. '६५ च्या व्हायब्रॅटो चॅनेलमध्ये वॉल्यूमवर ४७ पिकोफॅरडचा ब्राइट कपॅसिटर असतो. वॉल्यूम जितका कमी, तितका तो वरचे सूर जास्त पुढे आणतो. फ्लॅटमध्ये आपण वॉल्यूम तीनच्या पुढे नेत नाही, आणि नेमकी तिथेच सिंगल कॉइल पिकअपची (मुळातच तीक्ष्ण आवाजाची) गिटार कानाला टोचते. नॉर्मल चॅनेलवर जावं तर तिथे रिव्हर्बही (आवाजाची घुमी) नाही, ट्रेमोलोही (आवाजाची लयबद्ध थरथर) नाही. '६४ कस्टममध्ये ही दोन्ही सुखं दोन्ही चॅनेलना दिली आहेत. मला नॉर्मल चॅनेल रिव्हर्बसकट हवा होता. माझ्या निवडीचं पहिलं कारण हे. तुमचा त्रास फक्त टोचण्याचा असेल, तर तो कपॅसिटर मेकॅनिककडून एका बाजूने सोडवून घ्या आणि खुशाल '६५ ठेवा. हे मी मूळ लेखात सांगायला हवं होतं.

दुसरं कारण दुरुस्तीचं, आणि त्यावर मी ठाम आहे. माझा आधीचा ट्यूब अँप '६५ सारखाच पीसीबीवाला (छापील सर्किट बोर्डाचा) होता, पण वेगळ्या बनावटीचा. ट्यूबचे सॉकेट थेट बोर्डावर बसवलेले. रोज तापणं, रोज गार होणं. चौथ्या वर्षी एका सॉकेटखाली ड्राय सोल्डर झालं, म्हणजे टाका सैल पडला, आणि अँप तडतडू लागला. भर पावसात नाशिकहून कसारा घाट उतरून तो मुंबईला न्यावा लागला, परत यायला पाच आठवडे गेले. '६४ कस्टममध्ये प्रत्येक रेझिस्टन्स, प्रत्येक कपॅसिटर समोर दिसतो आणि बोर्ड न उचलता वरूनच बदलता येतो. मेन रोडजवळ व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेले एक काका आहेत. त्यांनी कधी गिटार हातात धरलेली नाही, पण माझ्या अँपचं झाकण उघडल्यावर ते पाच मिनिटांत म्हणाले, “हे आपल्याला जमेल.” माझ्यासाठी जास्तीचे पैसे तिथेच वसूल झाले. (स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये चारशे व्होल्ट साठून राहू शकतात.)

ट्विनबद्दल. डिलक्सच्या साधारण २० वॉटवरून ८५ वर गेल्यावर साधारण सहा डेसिबल मिळतात. कानाला दुप्पट वाटायला दहाच्या आसपास लागतात. म्हणजे चौपट वॉट घेऊनही आवाज दुप्पट होत नाही. ट्विन देतो तो स्वच्छपणा. मोकळ्या मैदानात, ड्रमच्या शेजारी, माइकशिवाय वाजवणाऱ्याला तो हवाच. पण आपल्या कालिदास कलामंदिर नाट्यगृहात अँपसमोर माइक असतोच. आणि ट्यूबचा आवाज किंचित फाटू लागला की येणारा तो भरीव सूर डिलक्समध्ये वॉल्यूम चार-पाचवर सापडतो. ट्विनमध्ये तिथवर जाईपर्यंत शेजारी दारात उभे राहतात.

राहिला तुमचा पुतण्या अमेरिकेहून आणणार तो अँप. मागची पट्टी त्याला आधी वाचायला सांगा. १२० व्होल्टचा असेल तर व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. २३० चा असला तरी स्टॅबिलायझर लावा. माझ्या सातपूरच्या खोलीत रात्री उशिरा मीटर २४८ दाखवतो, तेव्हा ट्यूब तापवणाऱ्या ६.३ व्होल्टच्या हीटरला ६.८ पोहोचतात.

मित्राचा '६५ सध्या माझ्याकडेच आहे. दोन्ही अँपना ८ ओहमच लागतात, म्हणून एकाच स्पीकरवर आलटूनपालटून ऐकता येतील. तुम्ही इंदिरानगरहून रविवारी सकाळी या. मी पाठ फिरवून बसतो, वायरी तुम्ही बदला.