मोरीवर पाणी, डोक्यात शेती

जुलैतल्या एका शनिवारी आईला भेटायला गावी गेलो. "उद्या संध्याकाळी परत" असं बायकोला बेळगावात सांगून. गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं. रविवारी पहाटे नाल्यावरची मोरी पाण्याखाली गेली, दुपारी करंट गेला, आणि दिवेलागणीला मोबाइलनंही मान टाकली.

आमच्याकडं पाऊस नुसता पडत नाही, मुक्कामाला येतो. कणकुंबीच्या बाजूचं पाणी मलप्रभेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जातं, डोंगरापलीकडचं म्हादईतून अरबी समुद्राला. आमच्या डोंगरावरचं पाणी दोन्ही समुद्र गाठतं. मला चार दिवस जांबोटीचा स्टँड गाठता येईना.

पहिला दिवस झोपेत गेला. दुसऱ्या दिवशी चुलीपुढं बसलो. वर दोरीवर माझी एकुलती एक पँट धुराचा वास पीत लोंबकळत होती; वाळायचं तिच्या मनात नव्हतं. पोटात कुळथाचं पिठलं, अंगावर घोंगडं, कौलांवर पावसाचा ताशा. अशा वेळी माणसाला शेती सुचते. उद्यमबागची नोकरी सोडायची आणि इथंच राहायचं! एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर नकाशा काढला. अडीच एकर. दोन म्हशी, वीस कोंबड्या, एकरभर रताळी, उरलेल्यात भात. गोठा झकास जमला, म्हशी जरा चौकोनी आल्या.

"काय करालास?" आईनं विचारलं.

"शेती."

"कुणाची?"

"आपली."

"ती मी करतोय की." (आमच्याकडच्या बायका 'करतो'च म्हणतात.)

तेवढ्यात शेजारचे तात्या विस्तव मागायला आले. त्यांनी पत्रिका उलटसुलट करून आधी लग्न कुणाचं ते वाचलं, मग म्हणाले, "उतारा बघितलास काय बे?" उतारा पत्र्याच्या पेटीत होता आणि कन्नडात होता. तात्यांनी बोट ठेवून वाचला. नाव अजून आजोबांचंच. अडीच एकर म्हणजे शंभर गुंठे, वाटेकरी नऊ. आमच्या वाट्याला अकरा गुंठे आणि वर चिमूटभर. ती चिमूट बहुतेक बांधानं खाल्ली असावी. मी एक म्हैस खोडली. "रताळी डुकरं उकरतात, भात गवे खातात," तात्यांनी जाता जाता सांगितलं. मी कोंबड्यांकडं बघितलं. "त्या मुंगूस नेतंय," आई म्हणाली.

तरी तिसऱ्या दिवशी इरलं घेऊन तिच्यामागं रोप लावायला गेलोच. रोप लावताना मागं मागं सरकायचं असतं, त्यामुळं आपलं कर्तृत्व सतत डोळ्यांपुढं राहतं. आईची ओळ दोरी लावल्यासारखी सरळ. माझी रोपं थोडा वेळ उभी राहिली, मग एकेक सुटून पाण्यावर तरंगायला लागली. आई काही बोलली नाही. तरंगणारी गोळा केली, अंगठ्यानं चिखलात खोचली, आणि माझी ओळ पुरी करून आपल्या ओळीला लागली. तेच फार लागलं. मी मात्र बांधावर बसून पोटरीची जळू बघत होतो. आली तेव्हा सुतळीएवढी होती, आता चांगली करंगळीएवढी झालेली. आईनं चुन्याचं बोट लावलं तशी ती गळून पडली. "तुझं रगात गोड हाय," आई म्हणाली. चार दिवसांतलं तिनं केलेलं एवढंच कौतुक.

चौथ्या दिवशी मोरी उघडी पडली आणि लाल गाडीचा हॉर्न ऐकू आला. तो ऐकून मी जसा पळालो तसा शाळेतही कधी पळालो नव्हतो. पिशवीत फणसाचे पापड, अंगावर अर्धओली पँट. नकाशाचं विचारलं तर आईनं चुलीकडं बोट केलं. ओली लाकडं पेटायला लग्नपत्रिकेसारखं दुसरं काही नाही म्हणे.

बेळगाव जवळ आलं तशी पायाला खाज सुटली. मोजा खाली केला. आमच्या अकरा गुंठ्यांतला एक जीव तेवढा माझ्याबरोबर शहरात यायला तयार झाला होता.