'कारकून' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

'दोन जॉन विल्यम्स' या लेखावर आपण सविस्तर लिहिलंत, आभार. लेख न वाचलेल्यांसाठी सांगतो: एक जॉन विल्यम्स न्यूयॉर्क फेडचे (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, म्हणजे 'फेड'च्या, न्यूयॉर्क शाखेचे) अध्यक्ष, व्याजदराच्या नियमांवर वर्षानुवर्षं काम केलेले, दुसरा 1941 साली मेलबर्नला जन्मलेला क्लासिकल गिटारवादक. आपले आक्षेप असे: नामसाम्यावर लेख उभारणं पोरकट आहे, टेलर नियमातला (महागाई आणि उत्पादन बघून व्याजदर सुचवणाऱ्या सूत्रातला) 'तटस्थ दर', म्हणजे अर्थव्यवस्थेला ना चालना ना लगाम घालणारा, महागाई वगळूनचा व्याजदर, मोजताच येत नाही म्हणून नियम निरुपयोगी, रिझर्व्ह बँकेबद्दल अवाक्षर नाही. आणि मग हे वाक्य: "सूत्र बघून दर ठरवणारा आणि नोटेशन बघून वाजवणारा, दोघेही कारकूनच."

नामसाम्याचं मान्य. शीर्षक जरा चटकदारच होतं. पण 'कारकून' हा शब्द आपण ज्या थाटात फेकलात, त्यावर बोलायला हवं.

मी निवृत्तीपर्यंत एका सहकारी बँकेत कारकून होतो. रेडी रेकनर उघडून ठेवींवरचं व्याज हाताने काढायचं, सहामाहीला रात्री उशिरापर्यंत बसून ताळमेळ जमवायचा. आकडे तक्त्यात असायचे. पाऊस न झालेल्या वर्षी एखाद्याचं कर्ज थकीत दाखवायचं की मुदतवाढीची शिफारस करायची, हे मात्र कुठल्याच तक्त्यात नसायचं. तेव्हा सूत्र वापरणारा माणूस डोकं गहाण ठेवतो, हे मला तरी शिकवू नका.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉन टेलर यांनी 1993 साली मांडलेला नियमच घ्या. महागाई 2 टक्के असेल आणि देशाचं उत्पादन त्याच्या क्षमतेइतकं असेल, तर फेडचा दर 4 टक्के. महागाई एका टक्क्याने वाढली, तर दर दीड टक्क्याने वाढवायचा. तो जादाचा अर्धा टक्का हीच सगळी मेख आहे. महागाईइतकाच दर वाढवला, तर खरा (महागाई वजा जाता उरणारा) व्याजदर जागचा हलत नाही आणि कर्ज घेणाऱ्याला काहीच चटका बसत नाही. हे सूत्र यंत्रासारखं चालवायचं नाही, असं टेलर यांनी त्याच निबंधात सांगितलंय. निबंध वीसेक पानांचा आहे. प्रतिक्रिया लिहायला जेवढा वेळ लागला असेल, त्यात निम्मा तरी वाचून झाला असता.

आता गिटारवाल्या 'कारकुना'कडे येऊ. इटलीतल्या सिएनाला तो विख्यात स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हियाकडे शिकला. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये तेव्हा गिटारचा विभागच नव्हता, म्हणून त्याने तिथे पियानो घेतला. शिक्षण संपल्यावर त्याच कॉलेजने नवा गिटार विभाग चालवायला त्यालाच बोलावलं. 1958 मध्ये लंडनच्या विगमोर हॉलला पदार्पण झालं. 1977 मध्ये त्याने पॅराग्वेच्या आगुस्तिन बॅरियोसच्या रचनांची अख्खी रेकॉर्ड काढली आणि एक जवळजवळ विस्मृतीत गेलेला संगीतकार जगभरच्या गिटारवादकांच्या हातात आला. पुढे 'स्काय' नावाच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक वाद्यांच्या गराड्यातही वाजवलं. नोटेशन आयुष्यभर समोर होतं, पण पुढे कुठली पानं ठेवायची हे त्याचं तोच ठरवत होता. गुरूच्या पसंतीची वाट बघत तो बसला नाही. (मीही संध्याकाळी गिटार शिकायचो. बॅरियोसचा एक तुकडा अजून धड बसत नाही. नोटेशन मात्र पाठ आहे. तेवढ्याने वाजत असतं तर आपलं म्हणणं खरं ठरलं असतं.)

उरलेले मुद्दे. तटस्थ दर डोळ्यांनी दिसत नाही, हे सांगायला आपली गरज नव्हती. टेलर यांनी तो 2 टक्के धरला. तो काळाप्रमाणे हलतो आणि अंदाजानेच काढावा लागतो, हे अर्थतज्ज्ञ थॉमस लाउबाख यांच्यासोबत 2003 साली मांडणारे म्हणजे माझ्या लेखातले फेडवाले विल्यम्सच. 2 च्या जागी 1 घातला की सूत्राचं उत्तर एका टक्क्याने खाली येतं, एवढंच. अंदाज चुकतात म्हणून हवामान खातं बंद करायचं का?

रिझर्व्ह बँक लेखात नव्हती, कारण लेख तिच्यावर नव्हता. महागाईचं 4 टक्क्यांचं लक्ष्य, वरखाली 2 टक्क्यांची मुभा आणि सहाजणांच्या समितीचं मतदान हा वेगळा विषय आहे. तो लिहीन तेव्हा लिहीन.

यापुढे टेलर यांच्या आकड्यांवर भांडायचं असेल तर जरूर या. माझ्या जुन्या नोकरीवर घसरणार असाल, तर ती प्रतिक्रिया मी छापणार नाही.