कीपॅडच्या स्मार्ट कार्ड रीडरविषयी आपण दिलेल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्याकडून घेतलेल्या कीपॅडच्या कार्ड रीडरविषयीचा आपला अभिप्राय मी लक्षपूर्वक वाचला. ऑफिसच्या संगणकावर प्रोग्रॅमने पिन कीपॅडवर न मागता पडद्यावरच मागितला, घरच्या लॅपटॉपवर कीपॅडवरून दिलेला पिन तीनदा नाकारला जाऊन आपले ओपनपीजीपी कार्ड (डिजिटल सही आणि गुप्त मजकूर उलगडण्याच्या कीज, म्हणजे किल्ल्या, ठेवणारे चिपचे कार्ड) लॉक झाले, आणि ‘जोडा आणि वापरा, बाकी काही करावे लागत नाही’ असे आमच्या सहकाऱ्याने विक्रीच्या वेळी सांगितले होते, असे आपण लिहिले आहे. कीपॅड हे केवळ तिप्पट किंमत लावण्याचे निमित्त असून इतरांनी साधा रीडर घ्यावा, असेही आपण सुचवले आहे. झालेल्या त्रासाची जबाबदारी आमची आहे आणि त्याबद्दल मी आपली मनापासून क्षमा मागतो. आपला सल्ला मात्र मला पटत नाही, आणि तो वाचून कोणी आपल्या पिनची सुरक्षितता गमावू नये, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

कार्ड लॉक होण्याचे कारण आपल्याच अभिप्रायात आहे. आपला जुना पिन अक्षरे आणि अंक मिळून बनलेला होता, आणि कीपॅडवर फक्त अंक असल्याने आपण मोबाइलवर जे अक्षर ज्या अंकाखाली येते तो अंक दाबलात. ओपनपीजीपी कार्डाला पिनमध्ये अक्षरे चालतात, पण कीपॅडचा रीडर कार्डाकडे दाबलेला अंक अंक म्हणूनच पाठवतो. त्यामुळे कार्डाच्या दृष्टीने तो वेगळाच पिन ठरला, आणि तीन चुकांनंतर कार्डाने स्वतःला बंद करून घेतले. ‘आपला पिन निव्वळ अंकी आहे का?’ हा एक प्रश्न आम्ही विचारला असता, तर हे घडलेच नसते.

पडद्यावर पिन मागितला जाण्याची कारणे दोन असू शकतात. जीएनयूपीजी, म्हणजे हे कार्ड वापरणारा सही-गुप्तलेखनाचा प्रोग्रॅम, याच्या कार्ड सांभाळणाऱ्या भागात कीपॅड बंद ठेवण्याची सोय आहे, आणि कोणी ती सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून ठेवली असेल, तर कीपॅड समोर असूनही त्याचा उपयोग होत नाही. दुसरे कारण पिनच्या लांबीचे आहे. कमी-जास्त लांबीचा पिन कीपॅडवर घेता येतो, हे काही रीडरच्या बाबतीत त्याच फाइलमध्ये वेगळे सांगावे लागते. या दोन्ही गोष्टी पाच-दहा मिनिटांत तपासता येतात, पण त्या तपासाव्या लागतात हे आपल्याला आधी सांगायला हवे होते.

आता कीपॅडच्या उपयोगाविषयी. साध्या रीडरसोबत पिन संगणकाच्या कीबोर्डवर टाइप करावा लागतो, म्हणजे त्या संगणकात कीलॉगर (दाबलेली प्रत्येक कळ चोरून टिपणारा प्रोग्रॅम) असेल तर पिन कार्डाच्या आधी चोराकडे पोहोचतो. कीपॅडच्या रीडरमध्ये संगणक फक्त एक आज्ञा पाठवतो, जिच्यात पिनची जागा रिकामी असते. ती जागा रीडर आपण दाबलेल्या अंकांनी स्वतः भरतो, आज्ञा थेट कार्डाला देतो, आणि संगणकाकडे परत जाते ते पिन बरोबर की चूक एवढेच उत्तर. किराणा दुकानात कार्डाने पैसे देताना आपण पिन मशीनवर स्वतः दाबतो, दुकानदाराच्या संगणकावर टाइप करत नाही, त्यामागे हाच विचार आहे. जर्मनीत बँकांच्या संघटनेने रीडरचे वर्ग ठरवताना कीपॅड नसलेला रीडर पहिल्या वर्गात, कीपॅडचा दुसऱ्या वर्गात, आणि कीपॅडसोबत पडदाही असलेला तिसऱ्या वर्गात ठेवला, तो उगाच नव्हे. त्याच देशात २०१० मध्ये नवे इलेक्ट्रॉनिक ओळखपत्र येत असताना केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकर्सच्या संघटनेने दाखवून दिले होते की, साध्या रीडरसोबत संगणकावर टाइप केलेला पिन चोरता येतो.

कीपॅडने सगळे साधते, असा माझा दावा नाही. आपण पिन दिल्यावर कार्ड उघडलेले असेपर्यंत घातक प्रोग्रॅम शिरलेला संगणक त्याच्याकडून काम करून घेऊ शकतो. ओपनपीजीपी कार्डात प्रत्येक सहीसाठी पिन मागण्याची सोय आहे, ती चालू ठेवावी. गुप्त मजकूर उलगडण्यासाठी मात्र एकदा दिलेला पिन कार्ड काढेपर्यंत किंवा रीसेट होईपर्यंत चालतो, म्हणून काम झाले की कार्ड बाहेर काढून ठेवणे उत्तम. आणि रीडर जोडलेला असताना पिन पडद्यावर मागितला गेला, तर तो टाइप न करता थांबावे. आपण ऑफिसमध्ये तो टाइप केलात, यात आपला दोष नाही, कारण हे सांगणे आमचे काम होते.

जीएसटी किंवा आयकर विवरणासाठी जे डिजिटल सहीचे यूएसबी टोकन वापरतात, त्यांनी कृपया हा रीडर घेऊ नये. त्या टोकनमध्ये चिप आणि रीडर एकत्रच असतात आणि त्याचा पिन संगणकावरच द्यावा लागतो. आमचा रीडर तिथे काहीच करू शकत नाही. (काही कार्यालयांत अशिलांची टोकने पिनची चिठ्ठी चिकटवून एकाच खणात ठेवलेली मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी मला त्याचे वाईट वाटले आहे.)

आपले कार्ड वाया गेलेले नाही. ॲडमिन पिन (लॉक झालेले कार्ड उघडण्याचा वेगळा पिन) आपल्याजवळ असेल तर ते उघडता येते आणि त्यातील कीज जशाच्या तशा राहतात. मात्र घरी अंदाजाने प्रयत्न करू नका, कारण ॲडमिन पिनलाही तीनच संधी असतात. आपला लॅपटॉप घेऊन दुकानात यावे. आधी आपण ॲडमिन पिन देऊन कार्ड उघडावे आणि तात्पुरता अंकी पिन ठेवावा, मग नवा, किमान सहा अंकी पिन आपण रीडरच्या कीपॅडवरून स्वतः ठेवावा. त्या वेळी आम्ही टेबलापासून दूर उभे राहू. ऑफिसच्या संगणकावरील सेटिंग फोनवरून तपासून देऊ. तरीही रीडर नको वाटल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल, खोका नसला तरी चालेल. विक्रीपूर्वी विचारायचे प्रश्न आणि मराठीतील सूचनापत्र या आठवड्यापासून प्रत्येक रीडरसोबत देत आहोत. येताना ॲडमिन पिन आठवून यावे, पण तो आमच्यापैकी कोणालाही, मलासुद्धा, सांगू नये.