आधी कमाल, मग किमान

काल दुपारी माझ्या अल्गोरिदमच्या सेटिंग्जच्या डायलॉगवरून, म्हणजे सेटिंग्ज बदलायच्या खिडकीवरून, हिशेब खात्यातल्या एका काकांनी माझी उलटतपासणी घेतली. त्यांचा एकही प्रश्न चुकीचा नव्हता, हे जास्त लागलं.

पार्श्वभूमी उरकून टाकतो. आमचं सॉफ्टवेअर डेस्कटॉपवर चालतं. चित्रातला नॉइज, म्हणजे नको असलेले ठिपके काढणं, कडा शोधणं असली कामं करतं. त्यातले अल्गोरिदम माझ्याकडे असतात. प्रत्येकाला डझनभर पॅरामीटर, म्हणजे बाहेरून ठरवायचे आकडे आणि पर्याय, आणि ते बदलायला वापरणाऱ्यासमोर एक डायलॉग उघडावा लागतो. पूर्वी तो कोणीतरी माणूस बसून हाताने मांडायचा. मग आमच्या आर्किटेक्टसाहेबांना वाटलं की हे माणसाचं कामच नव्हे. तुम्ही फक्त पॅरामीटर जाहीर करा, डायलॉग आपोआप उगवेल! हो-नाही असेल तर चेकबॉक्स, यादीतून निवड असेल तर ड्रॉपडाउन, पूर्णांक असेल तर वर-खाली बाणांचा स्पिनबॉक्स, अपूर्णांक असेल तर तोच स्पिनबॉक्स दशांशचिन्हासकट. मीटिंगमध्ये त्यांनी तीन पॅरामीटरांचा नमुना मोठ्या पडद्यावर दाखवला आणि टाळ्या पडल्या. असल्या नमुन्यात नेहमी तीनच पॅरामीटर असतात, आणि तिन्ही एकमेकांना ओळखतही नसतात.

तर प्रिंटर माझ्या टेबलाला लागून आहे. काका त्यांच्या रिपोर्टची वाट बघत उभे होते, प्रिंटर घरघरत होता, आणि माझ्या स्क्रीनवर डायलॉग उघडा. रिकाम्या माणसाची नजर छापील गोष्टीवर जातेच.

"हा फॉर्म कोणी भरायचा?" काकांनी विचारलं.

"फॉर्म नाही काका, सेटिंग्ज आहेत."

"म्हणजे भरायचा नाही?"

"भरला तरी चालतो, नाही भरला तरी चालतो."

"मग दिलाय कशाला?"

मी हसलो. आपण हसलो की विषय संपतो असा माझा समज आहे. काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"पहिलाच रकाना 'ॲडव्हान्स्ड मोड'? अवघड ते आधी विचारता?"

"ते इंग्रजी 'ए'वरून सुरू होतं ना, म्हणून वर आलंय. आद्याक्षरांप्रमाणे लागतात आपोआप."

"हजेरीपटासारखं."

"हो, तसंच."

"हजेरीपटात कोण कोणाचा बाप ते कळत नाही," काका म्हणाले, आणि मला एकदम वाटलं की आर्किटेक्टसाहेबांच्या मीटिंगला या माणसाला न्यायला हवं होतं.

कारण गोची तिथेच आहे. कोडमधून पॅरामीटरांची यादी काढता येते, पण ती कुठल्या क्रमाने येईल याची हमी नसते. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या प्रोग्रॅमिंगच्या चौकटीच्या कागदपत्रांत तर हे स्पष्टच लिहून ठेवलंय. मग डायलॉग बनवणारा गडी सगळ्यात सोपं ते करतो, वर्णानुक्रम लावतो. डॉटनेटच्या प्रॉपर्टीग्रिड या तयार तक्त्यामध्ये गट पाडायची सोय आहे, पण गटही वर्णानुक्रमाने लागतात, आणि ज्याला गट दिला नाही तो सगळा ऐवज 'मिस्क' नावाच्या अडगळीत जातो. यावर प्रोग्रॅमरांनी काढलेली युक्ती म्हणजे गटाच्या नावाआधी एक अदृश्य टॅब घुसडायचा. दिसत काही नाही, पण गट वर सरकतो. जगात आज कुठेतरी एखादा शहाणासुरता माणूस पगार घेऊन गटाच्या नावाआधी तीन टॅब द्यावेत की चार, याचा विचार करत बसलेला असेल.

इकडे काका पुढे सरकले होते.

"मॅक्सिमम आधी, मिनिमम नंतर?"

"ए आधी येतो, आय नंतर."

"अहो, पण माणूस 'किती ते किती' असं विचारतो. 'पन्नास ते दहा' कोण म्हणतं?"

खरं तर यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मनात आलं, डायलॉग मराठीत आणू. मग लक्षात आलं की आपल्या बाराखडीतही 'कमाल' आधी येतं आणि 'किमान' नंतर. इथूनही सुटका नाही.

"बरं. 'डिसेबल नॉर्मलायझेशन'. खूण नाही. म्हणजे बंद?"

"चालू. बंद करणं बंद आहे."

"आणि खाली 'यूज मास्क'. तिथेही खूण नाही. ते चालू?"

"ते बंद."

काका बराच वेळ दोन्ही ओळींकडे बघत राहिले. दोन ताळेबंद जुळत नाहीत तेव्हा बघत असतील तसे. "म्हणजे वरती खूण नसली की चालू, खालती खूण नसली की बंद. आमच्याकडे असा कागद निघाला ना, तर आधी ज्याने छापला त्याला बोलावतात."

ज्याने छापला तो माणूस नाहीच, हेच तर दुखणं! 'डिसेबल' हे नाव माझ्या कितीतरी आधी कोणीतरी कोडमध्ये स्वतःच्या सोयीसाठी ठेवलं होतं. कोडमध्ये ते शोभतंही. यंत्राने ते नाव उचललं, पहिलं अक्षर मोठं केलं, मध्ये जागा सोडली आणि लोकांपुढे ठेवलं. हाताने डायलॉग मांडणारा माणूस त्या ओळीशी अडखळला असता आणि माझ्याकडे येऊन म्हणाला असता, "हे काय आहे?" आपोआप पद्धतीत अडखळायला कोणी नसतं, आणि यालाच आम्ही उत्पादकता म्हणतो.

हा रोग एकट्या आमचा नाही, एवढंच समाधान. न्यूझीलंडच्या वायकाटो विद्यापीठाचं वेका नावाचं मशीन लर्निंगचं नामांकित सॉफ्टवेअर आहे. त्यात कुठलाही अल्गोरिदम निवडा, त्याच्या गुणधर्मांवरून खिडकी आपोआप तयार होते. जे-४८ हा निर्णयवृक्ष, म्हणजे प्रश्नामागून प्रश्न विचारत निर्णयाला पोचणारं आणि जादा फांद्या छाटून आटोपशीर करायचं झाड, उघडला की वर्णानुक्रमे वाचायला मिळतं, 'डू नॉट चेक कॅपॅबिलिटीज: फॉल्स'. आणखी खाली, 'अनप्रून्ड: फॉल्स'. झाड न छाटणं हे खोटं आहे, सबब झाड छाटलं जाईल. आणि छाटणी खरोखर बंद केली तरी ती किती करायची हे सांगणारा ०.२५चा 'कॉन्फिडन्स फॅक्टर' त्याच ऐटीत, बदलायला मोकळा, तिथेच बसलेला. तो आता निवृत्त झालाय हे त्याला कोणी कळवलेलं नाही. मात्र वेकाचं एक मानायला हवं. प्रत्येक पॅरामीटरसाठी माहितीचं वाक्य लिहायची जागा त्यांनी ठेवलीय आणि बहुतेक ठिकाणी लोकांनी ते वाक्य खरंच लिहिलंय. आमच्याकडे टूलटिप सक्तीची झाली तेव्हा सगळ्यांनी एका दुपारीत भरून टाकल्या. 'सिग्मा' वर माऊस नेला की दिसतं, 'सिग्मा: सिग्माची किंमत'.

प्रिंटरने एक पान ओकलं. काकांनी ते घेतलं, उलटसुलट पाहिलं, "कोरं आहे" म्हणाले आणि परत स्क्रीनकडे वळले.

"हा 'टॉलरन्स' शून्य पूर्णांक शून्य शून्य. हे भरलेलं आहे की रिकामं?"

आता मात्र मी खुर्ची पुढे ओढली. कारण कोडमध्ये तिथे ०.०००१ होतं. माझ्या डोळ्यांसमोर होतं. कोडमध्ये ०.०००१, डायलॉगमध्ये ०.००.

"आणि 'इटरेशन्स' नव्व्याण्णव. शंभर का नाही? सूट आहे का?"

कोडमध्ये पाचशे होतं.

झालं होतं असं. आमचे डायलॉग क्यूटी या खिडक्या-बटणं बनवायच्या टूलकिटवर उभे आहेत. तिच्या अपूर्णांकाच्या स्पिनबॉक्सला तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर तो दशांशाची दोन स्थळं धरतो आणि ० ते ९९.९९ एवढीच मजल मारतो. पूर्णांकाचा स्पिनबॉक्स ० ते ९९. यात क्यूटीला बोल लावण्यात अर्थ नाही, कागदपत्रांत हे स्वच्छ छापलेलं आहे. कुठलीतरी मर्यादा धरायची म्हणून त्यांनी ती धरली, पुढचं सांगायचं काम बोलावणाऱ्याचं. आमच्या यंत्राने काहीच सांगितलं नव्हतं. म्हणून ०.०००१ आत गेला, दोन स्थळांना गोल होऊन ०.०० झाला, फेऱ्यांचे पाचशे आत गेले आणि नव्व्याण्णवला टेकले. मग कोणी काहीही न बदलता नुसतं ओके दाबलं की तेच आकडे अल्गोरिदमच्या हातात. आता उत्तरांतला फरक टॉलरन्सपेक्षा कमी झाला की थांबायचं, असा त्याचा शिरस्ता. टॉलरन्स शून्य, म्हणजे त्याला समाधान नावाची गोष्टच उरली नाही. सोप्या चित्रावरही नव्व्याण्णव फेऱ्या पुऱ्या मारायच्या, आणि अवघड चित्रावर नव्व्याण्णवलाच थांबून अर्धवट कामानिशी परत यायचं. डायलॉग न उघडता चालवला तर अल्गोरिदम उत्तम. सेटिंग्ज बघून, जबाबदारीने ओके दाबणाऱ्यालाच वाईट निकाल! गेले कित्येक आठवडे 'हा अल्गोरिदम हळू आहे आणि नीट साफही करत नाही' अशा तक्रारी माझ्या नावाने येत होत्या, आणि मी गणित तपासत बसलो होतो.

"म्हणजे तुम्ही लिहिलं एक आणि छापून आलं दुसरं," काकांनी निकाल दिला.

"तसंच."

"आणि खाली नाव तुमचं."

होतं. डायलॉगच्या तळाशी 'लेखक' अशी ओळ असते, तीही आपोआप येते. ती मात्र पूर्ण छापली जाते. तिला दोन अक्षरांची मर्यादा नाही.

"अजून काही आहे का खाली?" म्हणत काकांनी माझा माऊस घेतला आणि चाक फिरवलं. पॉइंटर होता 'रेडियस'च्या रकान्यावर. डायलॉग हलला नाही, ३चा ० झाला. स्पिनबॉक्सवर चाक फिरवलं की पानाऐवजी आकडा सरकतो, हे ज्याला माहीत आहे तो हात आखडतो. ज्याला माहीत नाही तो आकडा बदलून निघून जातो. "काही नाही वाटतं," म्हणून काकांनी माऊस ठेवला, रिपोर्ट उचलला आणि गेले. जाताना म्हणाले, "बघा जरा. बाकी फॉर्म चांगला आहे."

मी तडक आर्किटेक्टसाहेबांकडे गेलो.

"मग मेटाडेटा भर ना," ते म्हणाले. या माणसाकडे कुठलंही गाऱ्हाणं घेऊन जा, मेटाडेटा, म्हणजे पॅरामीटरविषयीची माहिती, भर हेच ऐकायला मिळतं. किमान, कमाल, पायरी, दशांशस्थळं, एकक, दिसणारं नाव, गट, गटातला क्रम, टूलटिप. शिवाय कुठला रकाना केव्हा दिसावा याची अट, आणि ती अट साध्या मजकुराच्या रूपात, जिच्यात चूक झाली तर कोणीही ओरडत नाही, रकाना नुसता गायब होतो. फिल्टर एका वेळी चित्राचा जेवढा चौकोन बघतो त्याची रुंदी विषमच लागते, म्हणून पायरी २ हवी. पण बाणांनी पायरी २ असली तरी कीबोर्डने ४ लिहिता येतो, त्यासाठी आणखी एक नियम. हे सगळं भरून होईपर्यंत मी डायलॉगच लिहिलेला असतो. फरक इतकाच की तो डोळे मिटून लिहिलेला असतो, आणि नावाजला जातो जनरेटर, म्हणजे डायलॉग उगवणारं ते यंत्र.

ज्यांनी हे नीट केलंय त्यांच्याकडेही जादू नाही, माणसाला विचारायची लाज नाही एवढंच. जिंप या चित्रं सुधारायच्या सॉफ्टवेअरच्या पोटातलं गेगल पाहा. त्यातही फिल्टरांच्या खिडक्या गुणधर्मांवरून आपोआप बनतात, पण आकड्याला दोन वेगळ्या मर्यादा देता येतात. एक, चालेल कितीपर्यंत. दुसरी, शहाण्या माणसाला लागेल कितीपर्यंत. चित्र धूसर करणाऱ्या त्यांच्या गॉसियन ब्लरला शेकड्यांतला आकडाही चालतो, पण स्लायडर तुम्हाला कामाच्या टापूतच फिरवतो, आणि लहान आकड्यांना जास्त जागा देतो. हे पॅरामीटरच्या प्रकारावरून कळत नाही. कधीतरी चित्र धूसर केलेल्या माणसाने ते बसून लिहिलंय. इमेजजे ही चित्रं तपासायची प्रणाली तर आणखी रोकठोक. तिच्या साध्या डायलॉगमध्ये आकड्याचा रकाना मागायचा तर दशांशस्थळं किती, हे पूर्वी तिथल्या तिथे सांगावंच लागायचं.

मी विरोधात नाही, हेही सांगून ठेवतो. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरच्या प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये शेकडो अल्गोरिदम आहेत, प्रत्येकाचा डायलॉग हाताने मांडायचा म्हटलं तर लोक नकाशे करायचं सोडून खिडक्याच करत बसतील. पण गुणधर्मांचा असा तक्ता मुळात प्रोग्रॅमरसाठी होता. प्रोग्रॅम बनवायच्या १९९५च्या डेल्फीमधला ऑब्जेक्ट इन्स्पेक्टर घ्या. बटणाची रुंदी बदलणाऱ्याला रुंदीचं नाव माहीत असायचं, त्याला वर्णानुक्रम सोयीचाच. जावा भाषेतल्या तयार घटकांच्या, म्हणजे जावाबीन्सच्या, १९९७च्या स्पेसिफिकेशनमध्ये तर सरळ सोय आहे की तक्ता पुरेना झाला, तर घटकाच्या लेखकाने स्वतःची खिडकी बनवून द्यावी. आमच्या यंत्रात ती पळवाट ठेवलेली नाही. "मग सगळेच स्वतःची बनवतील," असं साहेब म्हणाले. बनवतील, आणि का बनवतील याचा विचार करायला साहेबांना सवड नाही.

तक्रार मी रीतसर नोंदवली. संध्याकाळपर्यंत 'अपेक्षेप्रमाणे चालते' असा शेरा मारून ती बंद झाली, सोबत आनंदाची बातमी. जनरेटर आता स्वतःच कॉन्फिगर करता येतो. त्यालाही सेटिंग्ज आहेत, आणि त्याचा डायलॉग त्यानेच बनवलाय. मी उघडला. बरंच खाली, 'मिस्क'मध्ये, 'डिफॉल्ट डेसिमल्स' सापडलं. रकाना करडा होता, दाबला जाईना. का करडा, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. माऊस नेला तर टूलटिप आली, 'डिफॉल्ट डेसिमल्स: डेसिमल्सची डिफॉल्ट किंमत'.