आधी पायावर उभं राहा, मग सुळक्यांचं बोला

नाशिकच्या पोरांना राग येईल पण बोलतोच. आपल्याकडे कातळाला तोटा नाही, अंजनेरी, ब्रह्मगिरी, तिकडे मनमाडजवळ हडबीची शेंडी, आणि तरी आपले बरेच क्लाइंबर नुसते हातांनी स्वतःला वर ओढत असतात. (हरिहरच्या पायऱ्या चढून 'रॉक क्लाइंबिंग डन' असं स्टेटस टाकणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाहीये.)

दोष पोरांचा नाही, दगडाचा आहे. आपला बेसाल्ट म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचलेले, त्यामुळे कड्याला टप्पे, टप्प्यांवर गवत आणि घसारा, मधेच लाल मातीचा ठिसूळ पट्टा. होल्ड, म्हणजे हातापायाला धरायच्या जागा भरपूर, पण कुठला हातात निघून येईल नेम नाही, म्हणून आपण आधी ठोकून बघतो, पोकळ वाजला की सोडतो आणि भरवसा ठेवतो रोपवर नाहीतर मेखेवर. सवय चांगलीच आहे, जीव वाचवते. फक्त पाय अडाणी राहतात.

माउंट आबूला गेलो तेव्हा हे डोळ्यासमोर दिसलं. तिथला ग्रॅनाइट सत्तर कोटी वर्षांहून जुना, जमिनीच्या पोटात सावकाश थंड झालेला, म्हणून दाणे मोठे, डोळ्यांना दिसतात आणि बोटांच्या कातडीला तर त्याहून जास्त कळतात. स्लॅबवर पकडायला काही म्हणजे काहीच नाही, नुसता खरखरीत उतार. बुटाचं रबर दगडावर दाबायचं, टाच खाली, कंबर दगडापासून लांब आणि सगळं वजन पायांवर. घाबरून दगडाला चिकटलात की पाय सुटलाच. आमच्यातला एक दणकट गडी, सह्याद्रीत लीड करणारा, म्हणजे सगळ्यांच्या आधी चढून दोर नेणारा, अर्ध्यात अडकून वर हात फिरवत बसला आणि खालून बिले देणारी, म्हणजे त्याचा दोर सांभाळणारी कॉलेजची पोरगी ओरडतेय, "दादा, हात सोडा ना, उभे राहा नुसते!"

तिथल्या भेगांतून चढायची मजा वेगळीच. पंजा आत घालायचा, अंगठा तळव्यात दुमडायचा, पंजा फुगतो आणि अडकतो. सालटी निघतात, टेप न्या.

आणि ग्रॅनाइट म्हणजे सगळं ठणठणीत असंही नाही हां, वरचे थर कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटतात, तिथे आपली ठोकून बघायची सवय कामी आली, तेवढा मान आपल्या दगडाला द्यायलाच पाहिजे.

एवढ्या लांब कशाला म्हणणाऱ्यांना लडाखला बुलेट घेऊन जायला सुट्टी कशी मिळते हा प्रश्न आहेच. सापुताऱ्यावरून सुरत, तिथून ट्रेनने आबू रोड, मग घाट. गुजरात सरकारची पर्वतारोहण संस्था आहे वरती, शिकायचं असेल तर कोर्सच करा. डिसेंबर-जानेवारीत जा, थंडीत रबर धरतं, उन्हात दगड तापला की पाय सरकायला लागतात. आणि आबूच्या 'नक्की लेक' तलावावरचा तो बेडकासारखा दगड बघून हात शिवशिवतील, पण तिथे सेल्फीवाल्यांची लाईन असते, हार्नेस बॅगेतच राहू द्या.