प्रतिकारशक्ती वाढवली की बीपी उतरतं? नाही

हर्णैच्या आसपासच्या वाड्यांत व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. "बीपी म्हणजे प्रतिकारशक्ती कमी झाल्याची खूण. रोज ज्येष्ठमधाचा काढा घ्या. ग्रंथी सुधारतात, खारं खाल्लं तरी चालतं, गोळी सुटते." माझ्या आत्याने तो वाचून गोळी बंद केली. म्हणून एकेक दावा घेऊन लिहितेय.

पहिला दावा, प्रतिकारशक्ती कमी म्हणून बीपी. प्रयोगात याच्या उलट दिसलं. 2007 साली अमेरिकेत डेव्हिड हॅरिसन यांच्या गटाने टी आणि बी या प्रतिकारपेशी नसलेल्या उंदरांना अँजिओटेन्सिन हे बीपी चढवणारं संप्रेरक दिलं. इतर उंदरांइतकं त्यांचं बीपी चढलं नाही. मग त्यांच्या अंगात टी पेशी सोडल्या, आणि चढलं! उंदरावरून माणसाचं सगळं ठरत नाही हे मान्य, पण "पेशींचा जोर वाढवा" या सल्ल्याला इथे तरी आधार नाही.

दुसरा, ग्रंथींचा. मेसेजमध्ये खरं काही असेल तर ते इथे, कारण प्रतिकारपेशींचा ग्रंथींशी संबंध खरोखरच आहे. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली ॲड्रेनल ग्रंथी असते. तिच्यातल्या मास्ट नावाच्या प्रतिकारपेशी सेरोटोनिन हे रसायन सोडतात, त्याने ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त पाझरतं, आणि ते अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं. बीपी वाढतं. याउलट, आपल्याच पेशी या ग्रंथीवर उलटल्या तर ती निकामी होते आणि बीपी खाली येतं. हा ॲडिसनचा आजार. 1855 मध्ये थॉमस ॲडिसन यांनी तो नोंदवला (क्षयानेही ही ग्रंथी अशीच जाते). तेव्हा प्रतिकारपेशी चेतवल्या की ग्रंथी सुधारते, हे कुठून आलं?

ज्येष्ठमधाची मला खरी भीती वाटते. त्यात ग्लिसिरायझिन असतं. कॉर्टिसॉल हे संप्रेरक मूत्रपिंडात निष्प्रभ करणारं एक एन्झाइम आहे, ते यामुळे अडतं. मग कॉर्टिसॉलच अल्डोस्टेरॉनचं काम करू लागतं: मीठ साठतं, पोटॅशियम लघवीवाटे जातं, बीपी चढतं, हातापायांतली ताकद जाते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणजे बीपीवरचा उपाय म्हणून बीपी वाढवणारीच वस्तू. घसा बसला म्हणून दिवसभर कांडी चघळणं निराळं, महिनोन्‌महिने पेलाभर काढा निराळा.

खाऱ्याचं तर बोलायलाच नको. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा आपल्या ताटात खारा बांगडा असतोच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि काढ्याने ही मर्यादा बदलत नाही.

आत्याचं बीपी मोजलं तेव्हा वरचा आकडा 180 च्या पुढे होता. "डोकंसुद्धा दुखत नव्हतं गो," ती म्हणाली. बीपी बहुतेकांना असंच जाणवत नाही, त्यामुळे काढा लागू पडला असं वाटत राहतं. घरात कुणी तो घेत असेल तर आज थांबवा, बीपी मोजून घ्या, आणि डॉक्टरांकडे गेलात की ज्येष्ठमधाचं नाव घेऊन सांगा. पोटॅशियम तपासायचं का, ते त्यावरून ठरवतील.