कृष्णधवल चित्रपटांना रंग नको, पडदा हवा

जुन्या कृष्णधवल चित्रपटांना रंग दिल्याशिवाय नवी पिढी ते पाहणार नाही, हे मत महाराष्ट्रातील स्नेही वारंवार मांडतात आणि २००४ साली रंगीत होऊन आलेल्या 'मुघल-ए-आझम'च्या यशाचा दाखला देतात. हा दाखला मला पुरेसा वाटत नाही. त्या चित्रपटाचे काही भाग मुळातच रंगीत होते, आणि तो संपूर्ण रंगीत व्हावा ही त्याचे दिग्दर्शक के. आसिफ यांचीच इच्छा होती.

मी राहते त्या कॅलिफोर्नियात हॉलिवूडने हा वाद १९८०च्या दशकात अनुभवला. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' रंगीत करण्याला दिग्दर्शक फ्रँक काप्रा यांनी उघड विरोध केला, आणि अशाच वादांमुळे १९८८ साली अमेरिकेत चित्रपट-जतनाचा राष्ट्रीय कायदा झाला. परंतु या चित्रपटाला नवा प्रेक्षक त्याआधीच लाभला होता. १९४६ साली प्रदर्शित झाल्यावर त्याने निर्मितीचा खर्चही भरून काढला नव्हता. पुढे १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचे (कॉपीराइटचे) नूतनीकरण राहून गेले, दूरचित्रवाणी केंद्रांना तो मोबदला न देता दाखवता येऊ लागला आणि दर नाताळात तो घरोघरी पाहिला जाऊ लागला, तोही कृष्णधवल रूपातच. पुनःपुन्हा समोर येत राहिला, म्हणून तो लोकांचा झाला.

पालो आल्टो येथील १९२५ सालच्या स्टॅनफर्ड थिएटरमध्ये नाताळच्या पूर्वसंध्येला तो दाखवण्याची परंपरा आहे. तेथे वर्षभर जुनेच चित्रपट लागतात, तिकीट स्वस्त असते आणि खेळांच्या मधल्या वेळेत ऑर्गन वाजतो. आमच्या परिसरातील मराठी घरांतली मुलेही तेथे येतात आणि रंगांची तक्रार करत नाहीत. दिग्दर्शक बिली वाइल्डर यांच्या 'डबल इंडेम्निटी' (१९४४) या कृष्णधवल गुन्हेपटात खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या माणसांच्या अंगावर तुरुंगाच्या गजांसारख्या पडतात. त्या दृश्याचा अर्थच उजेड आणि अंधार यांत आहे, आणि मोठ्या पडद्यावर तो कोणी समजावून सांगावा लागत नाही.

पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, महाराष्ट्रात फिल्म सोसायट्यांची जुनी परंपरा आहे. रंग भरण्यासाठी लागणारा पैसा मूळ प्रतींच्या जतनावर आणि शाळा-महाविद्यालयांतील मुलांसाठी ठरलेल्या वारी होणाऱ्या स्वस्त खेळांवर खर्च व्हावा, आणि त्या खेळांत शांतारामबापूंच्या 'कुंकू'बरोबर वाइल्डर यांनाही जागा मिळावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.